आधी घरच्या भाषेत सांगा

सेतुमाधवरावांनी मला जितका त्रास दिला तितका माझ्या सासूबाईंनीही दिला नसेल, आणि आमच्या सासूबाई म्हणजे काही गरीब गाय नव्हेत. सासूबाईंच्या त्रासाला निदान ठरलेले विषय असत: मीठ, मोलकरीण आणि माझं माहेर. सेतुमाधवरावांचा त्रास कुठून उगवेल याचा नेम नसे. कधी एखाद्या 'किरकोळ'मधून उगवे, कधी 'तथापि'मधून.

नवऱ्याची रेल्वेत चेन्नईला बदली झाली आणि नाशिकचं बिऱ्हाड उचलून आम्ही तिकडे गेलो. मी कंपनी सेक्रेटरी. नाव ऐकून लोकांना वाटतं, ही बाई साहेबांची पत्रं टाइप करत असणार. खरं म्हणजे कंपनीने कायद्याप्रमाणे कुणाला काय आणि कधी कळवायचं ते बघणं, हे माझं काम. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली. कारखाना श्रीपेरुंबुदूरला, ऑफिस शहरात. कंपनीचे शेअर बाजारात होते, त्यामुळे काही बरंवाईट घडलं की शेअर बाजाराला ताबडतोब लेखी कळवावं लागे. बरं घडलं की मॅनेजिंग डायरेक्टर रामनाथन स्वतःच मजकूर लिहून आणत. वाईट घडलं की मला बोलावत.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नवे नियम आले होते. प्रत्येक कंपनीत ऑडिट कमिटी हवी, तिच्यात बाहेरची माणसं हवीत, त्यांनी हिशेब बघावेत, कारभार बघावा, मालकांना अडचणीचे प्रश्न विचारावेत. रामनाथन हुशार माणूस, पण घाईचा. त्यांनी विचार केला, सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेला, गोपीचंदन लावणारा एखादा सज्जन म्हातारा अध्यक्ष म्हणून बसवला की झालं. येईल, कॉफी पिईल, सही करील आणि जाईल. धंद्यात रामनाथननी फारशा चुका केल्या नाहीत. ही एक मात्र घसघशीत केली.

असे आणून बसवलेले सेतुमाधवराव मूळचे तंजावरकडचे. त्यांच्या घराण्यात कितीतरी पिढ्यांपूर्वी कुणीतरी महाराष्ट्रातून तिकडे गेलं आणि परत यायचं विसरून गेलं. भाषा मात्र त्यांनी जपून ठेवली होती. ते मराठी बोलायला लागले की माझी पणजी तमिळ शिकून परत आली आहे असं वाटे. शब्द जुने, हेल तमिळ, आणि वाक्याच्या शेवटी मान अशी हलायची की ते 'हो' म्हणतायत की 'नाही' ते कळायला मला वर्ष लागलं.

पहिली गाठ पडली ती आगीच्या वेळी. कारखान्यातल्या रंगाच्या शेडला आग लागली. मी शेअर बाजारासाठी इंग्रजीत चार ओळींचा मजकूर केला. रामनाथननी तो वाचून 'सुपर' म्हटलं. आता फक्त कमिटीने डोळ्याखालून घातला की फॅक्स करायचा. सेतुमाधवरावांनी कागद वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, हें मला मराठींत सांगा."

मला वाटलं, म्हाताऱ्याला फार दिवसांनी तिकडचं मराठी ऐकायची हौस आली असेल. मी कौतुकाने सुरुवात केली, "कारखान्याच्या एका विभागात किरकोळ स्वरूपाची आगीची घटना घडली असून उत्पादनावर लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही."

"तुमचे घरीं असं बोलतात?"

मी पुन्हा कागदाकडे बघितलं.

"दूध उतू गेलें तर नवऱ्याला काय सांगतां? उतू जाण्याची घटना घडली म्हणून?"

रामनाथनना मराठी येत नव्हतं. त्यांना फक्त घड्याळ दिसत होतं. माझं डोकं तापलं. मी म्हणाले, "सर, रंगाची शेड पेटली. निम्मी जळाली. दोन माणसं भाजली, इस्पितळात आहेत. रंगाचं काम बंद आहे आणि कधी सुरू होईल ते आम्हाला माहीत नाही."

"सरि," ते 'ठीक' या अर्थाने म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला. "अत्तां हेंच इंग्रजींत लिहा."

झालं, तो कायदाच होऊन बसला. वाईट बातमीचा कुठलाही कागद कमिटीपुढे आला की आधी तो घरच्या भाषेत सांगायचा. मी मराठीत, रामनाथननी तमिळमध्ये. घरच्या भाषेत जे जिभेवर येणार नाही ते इंग्रजीत लिहायचं नाही. कमिटीवर जॉर्ज टाउनमधले एक लोखंडाचे व्यापारी होते, गुजराती, त्यांना सगळे सेठ म्हणत. त्यांनाही सोडलं नाही. सेठ गुजरातीत सांगत, आमच्यापैकी कुणाला ओ की ठो कळत नसे, आणि सेतुमाधवराव डोळे मिटून ऐकत. एकदा मी वैतागून विचारलं, "सर, तुम्हाला गुजराती येतं का?" तर म्हणाले, "नाहीं. पण लपवतांना माणूस हळू बोलतो. तें कुठलेही भाषेंत कळतें."

तुम्ही म्हणाल, किती छान. छान काय डोंबल! बाहेर फॅक्स मशीनजवळ माझा माणूस उभा, मुंबईहून शेअर बाजाराचा फोनवर फोन, रामनाथन व्हरांड्यात येरझारा घालतायत, आणि आत हे गृहस्थ एका 'अंदाजे'वर अडून बसलेले. घाई केली की त्यांचा वेग आणखी कमी होई. कॉफी आली तर आधी ती डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत ओतून, टंबलरमध्ये परत ओतून, फेस बघून मग प्यायची. तोवर कंपनीचं काय व्हायचं ते होवो. आणि एका कागदावर इतका वेळ गेला की उरलेल्या विषयांसाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "तें पुढचे वेळीं पाहूं." आधी ज्याचा कीस पाडायचा तो पाडून घ्यायचा आणि बाकीचं पुढच्या वेळी. मला तर कधीकधी वाटे, हे निवृत्त झाले तेव्हा सरकारी हिशेबखात्याने पेढे वाटले असतील.

पण वैतागाची खरी गोष्ट अशी की म्हातारा बहुतेक वेळा बरोबर निघे. कामगारांनी बोनसवरून काम बंद केलं तेव्हा रामनाथननी लिहिलं होतं की औद्योगिक संबंधांत काही तात्पुरता ताण आहे. सेतुमाधवरावांनी त्यांच्याकडून तमिळमध्ये वदवून घेतलं आणि मग शेअर बाजाराला गेलं ते असं: कामगार संपावर आहेत, बोनसवरून आहेत, आमचं आणि त्यांचं अजून जमलेलं नाही. तो कागद युनियनवाल्यांनी कारखान्याच्या फाटकावर चिकटवला. कंपनीने 'समाजकंटक' न म्हणता 'आमचं जमलेलं नाही' म्हटलं, याचंच त्यांना अप्रूप. संप त्यामुळे मिटला असं मी म्हणणार नाही, पण बोलणी सुरू झाली. रामनाथन मला म्हणाले, "बघ, मी सांगत होतो तसंच झालं." मी हो म्हटलं. नोकरी करायची तर काही गोष्टी गिळाव्या लागतात.

एकदा त्यांच्या सह्या घ्यायला मी टी. नगरला त्यांच्या घरी गेले. साड्यांच्या दुकानांच्या गर्दीतून वाट काढत मागच्या गल्लीत शिरलं की पहिल्या मजल्यावर त्यांचं घर. दारात रांगोळी, आत कमलामामी. चेन्नईत अशा वयाच्या बाईला मामीच म्हणतात, मग ती मराठी का असेना. मामींनी मला जेवायलाच बसवलं. सांबार वाढलं न वाढलं तोच सेतुमाधवराव म्हणाले, "आज मीठ जास्त झालें आहे."

मामींनी पळी ठेवली. "पाहिलांत? मी चाखायचे आधीं पाहुण्यांना सांगतात! लग्न झालें तेंव्हापासून असेंच. मी थकलें हो सांगून सांगून."

"मग काय, त्यांना खाऊन कळावें?"

"आणि सतीशचें सांगा कीं! सांगा ह्यांना!"

सतीश त्यांचा पुतण्या. त्याच्या लग्नाची बोलणी करायला मुलीचे आईवडील आले. तंजावरी मराठी घरं मुळात थोडी, त्यात जुळणारी आणखी थोडी, म्हणून सगळ्यांनी नवस बोललेले. घरातले वडीलधारे म्हणून सेतुमाधवरावांना बोलायला बसवलं. त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "मुलाला राग फार येतो, आणि नोकरी टिकत नाहीं." लाडू तोंडात जायच्या आधी पाहुणे उठले.

"पण काका, हे शेवटी सांगितलं असतं तर?" मी विचारलं. घरी मी त्यांना काका म्हणे.

"शेवटीं सांगायचें म्हणजे कधीं? लग्न झाल्यावर?"

"मग सतीशचं लग्न?"

"झालें कीं दुसरीकडे." मग ताटातल्या भातात बोट फिरवत म्हणाले, "मला बोलावलें नाहीं."

मामी आत गेल्या आणि माझ्यासाठी कमी मिठाचं काहीतरी घेऊन आल्या. त्या दिवशी सह्या राहूनच गेल्या, दुसऱ्या दिवशी मला परत जावं लागलं.

आता ज्या मीटिंगमुळे पुढचं सगळं घडलं, ती सांगते. एका जपानी गिऱ्हाइकाने आमची ऑर्डर काढून घेतली होती, त्याचा मजकूर कमिटीपुढे होता. रामनाथननी लिहिलं होतं की ऑर्डर 'अंशतः' कमी झाली. ती सगळीच गेली होती. पुढची थोडी मिळेल अशी रामनाथनना आशा होती आणि त्या आशेला त्यांनी अंशतः असं नाव दिलं होतं. बस्स, सेतुमाधवराव त्या शब्दाला लटकले. रामनाथनही त्या दिवशी हट्टाला पेटले. तमिळ झालं, मराठी झालं, सेठचं गुजराती झालं. जेवण टळून गेलं, दुपार उतरली. बाहेर बाकावर आमचा अंतर्गत तपासनीस मांडीवर फाइल घेऊन बसला होता. कारखान्यात फिरून काय चुकतंय ते कमिटीला सांगणं हे त्याचं काम, आणि त्याचा विषय शेवटचा होता. कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलादाचा कडकपणा तपासायचं मशीन बिघडलं आहे आणि तरी माल तपासल्याचे दाखले जातायत, असं त्याला सांगायचं होतं.

शेवटी 'अंशतः' गेला. सेतुमाधवराव जिंकले, खूश झाले, पिशवी आवरायला लागले. मी म्हणाले, "सर, अजून एक विषय आहे. तपासनीस बाहेर बसलाय. कारखान्यातलं मशीन."

"तें पुढचे वेळीं पाहूं."

"सर, महत्त्वाचं आहे म्हणतो तो."

"पुढचे वेळीं आधीं तेंच घेऊं."

कुणीच हरकत घेतली नाही. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. तपासनीस फाइल घेऊन परत गेला, आणि पुढची मीटिंग तीन महिन्यांनी होती.

ती व्हायच्या आत आम्ही बनवलेली ब्रेकची पेडलं तुटायला लागली. आमचं पोलाद ठिसूळ निघालं. कोइमतूरकडे एक गाडी भिंतीवर आदळली, चालवणाऱ्याचा पाय मोडला. मोटार कंपनीने हजारो गाड्या परत बोलावल्या. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडी आमच्या कंपनीचं नाव झालं. रामनाथननी वकिलांना बसवून मजकूर तयार केला. त्यात होतं, 'प्रयोगशाळेतील एका कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक हलगर्जीपणामुळे' वगैरे, आणि 'संबंधितास निलंबित करण्यात आले आहे'. नाव घातलं नव्हतं. पण प्रयोगशाळेत दाखल्यांवर सही करणारी होती एकटी सेल्वी. श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्यावर जितके कारखाने आहेत तितक्या सगळ्यांत दुपारपर्यंत तिचं नाव पोचणार, आणि पुन्हा तिला कुणी दारात उभं करणार नाही, हे मला कळत होतं, रामनाथनना कळत होतं, आणि तिलाही.

ती कंपनीची बस सोडून, दोन बस बदलून शहरात आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली. तिशीची, केसांत गजरा, डोळे सुजलेले. तिच्या पगारावर आई आणि दोन भाऊ. ती तमिळमध्ये बोलत होती आणि मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये ऐकत होते. "मॅडम, मशीन बंद आहे हे मीच सांगितलं. प्लांट मॅनेजरना सांगितलं, ते म्हणाले, गाड्या थांबल्यायत, सही कर. मग तपासनीस आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, वर कमिटीला सांगतो. मी वाट बघत होते. वर कुणीच ऐकलं नाही का?"

मी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. तिने चहाला हात लावला नाही.

कमिटी बसली. रामनाथननी न सांगताच तमिळमध्ये सुरुवात केली, आता त्यांना सवय झाली होती. एका मुलीने चूक केली, आम्ही तिला काढलं, आता सगळं ठीक आहे. भराभर बोलले, कुठेही अडखळले नाहीत. मी वाट बघत होते की आता सेतुमाधवराव कागद उलटा ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. ते खिडकीबाहेर बघत होते.

मग त्यांनी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. इतकी वर्षं त्यांच्या तोंडून असं गुळगुळीत इंग्रजी मी ऐकलं नव्हतं. मला म्हणाले, लिहा. मी लिहायला लागले. त्या मुलीचं वाक्य काढा. त्याऐवजी घाला की सदर बाब समितीच्या विषयपत्रिकेवर होती, मात्र वेळेअभावी समितीस ती विचारार्थ घेता आली नाही, आणि समिती परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहे.

माझं पेन थांबलं. मला इतका संताप आला की कान गरम झाले. ज्या माणसाने एका 'किरकोळ'साठी माझ्या घरचं उतू गेलेलं दूध काढलं, ज्याच्यापायी मी कितीदा उपाशी बसले, ज्याने रामनाथनसारख्या माणसाकडून लहान पोरासारखं वदवून घेतलं, तो आता 'विचारार्थ' म्हणत होता!

मी म्हणाले, "सर, मराठीत सांगा."

रामनाथनना शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला. ते सरळ होऊन बसले. सेठनी चष्मा वर केला. सेतुमाधवराव माझ्याकडे बघत राहिले. मला माझं वाक्य परत घ्यावंसं वाटलं, पण मी घेतलं नाही.

"आम्हांला सांगितलें होतें," ते म्हणाले. हळू नाही, नेहमीसारखंच. "तो माणूस बाहेर बसला होता. तुम्हीही सांगितलांत, दोन वेळां. मी म्हणालों, पुढचे वेळीं. मी एका शब्दासाठीं भांडत बसलों आणि जिंकलों, आणि घरीं गेलों. त्या दिवशीं ऐकलों असतों तर त्या माणसाचा पाय मोडला नसता."

मग त्यांनी तेच रामनाथनना तमिळमध्ये सांगितलं.

रामनाथन उसळलेच. हे असं बाजारात जाऊ देणार नाही म्हणाले. बँका काय म्हणतील, गिऱ्हाइकाचे वकील काय म्हणतील. "आणि सर, तुमचं काय? तुम्ही आणखी दोन कंपन्यांवर आहात. उद्या तुम्हाला कोण उभं करील?" हे ते रागाने बोलले, पण त्यात काळजीही होती. इतक्या वर्षांनी ते दोघे एकमेकांना सरावले होते.

"त्या मुलीला कोण उभं करील?" सेतुमाधवराव म्हणाले.

सेठची मान्यता हवी होती, कारण कमिटीने हलगर्जी केली म्हणजे सेठनीही केली. सेठ गुजरातीत लांबलचक काहीतरी बोलले. स्वर चढत गेला, हात आपटला, एकदा देवाचं नाव घेतलं. सेतुमाधवरावांनी डोळे मिटले नव्हते. मग सेठनी माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि सही केली. त्या गुजरातीत काय होतं ते मी कधी विचारलं नाही.

शेअर बाजाराला जो कागद गेला त्याचा मराठी अर्थ असा: आमचं पोलाद न तपासता गेलं. मशीन बंद असल्याचं ऑडिट कमिटीला कळवण्यात आलं होतं. कमिटीने विषय पुढे ढकलला. ती कमिटीची चूक आहे.

पुढे व्हायचं तेच झालं. शेअर आपटला, वर्तमानपत्रांनी कमिटीचे फोटो छापले, वकिलांच्या नोटिशी आल्या. प्लांट मॅनेजर गेला. सेल्वीचं निलंबन रद्द झालं. सेतुमाधवरावांना दुसऱ्या दोन्ही कंपन्यांनी हार घालून निरोप दिला, आणि आमच्या कंपनीतली त्यांची मुदत संपत होती ती रामनाथननी वाढवली नाही. त्यांच्यावर कुणी आरोप ठेवला नाही, फक्त पुन्हा बोलावलं नाही. टी. नगरच्या घरी मामी मला म्हणाल्या, "घरांत बसवत नाहीं यांना. माझें मीठ मोजतात आतां."

एक दिवस त्यांनी मला फोन करून सांगितलं, सेल्वीला भेटायचं आहे, तुम्ही या. मला कामं होती. मी गेले, नेहमीसारखी चिडचिड करत. प्रयोगशाळेत नवं मशीन बसलं होतं. सेल्वी हात पुसत बाहेर आली, आम्हाला बसायला म्हणाली नाही. तिथे दोनच स्टुलं होती आणि दोन्हींवर पोलादाचे तुकडे ठेवलेले होते.

सेतुमाधवरावांनी तमिळमध्ये तिची माफी मागितली. सरळ, एका वाक्यात.

"बरं," ती म्हणाली. मग एकदम बोलायला लागली. "सार, तुम्ही लिहिलंत की कमिटीला कळवण्यात आलं होतं. कुणी कळवलं? इथे सगळे म्हणतात, ही हेड ऑफिसला जाऊन रडली म्हणून सुटली. माझ्या सह्या होत्या, हे सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलं होतं, हे कुणाला माहीत आहे? कँटीनमध्ये माझ्याशेजारी कुणी बसत नाही. तुम्ही तुमची चूक लिहिलीत, तुमचं मन मोकळं झालं. माझं काय लिहिलंत?"

मला वाटलं, आता हे काहीतरी दुरुस्त करतील, तिच्या बोलण्यातला एखादा शब्द धरतील. त्यांनी काहीच धरलं नाही. हात मागे बांधून ऐकत उभे राहिले. तिचं संपल्यावर म्हणाले, "तें राहिलें." मग तमिळमध्ये विचारलं, "नाव घेतलेलं चालेल?"

"घ्या की!" ती म्हणाली. "नाव घ्यायला काय झालंय?"

परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी सुरू केलं. एक दुरुस्ती पाठवायची, शेअर बाजाराला. मी म्हणाले, सर, तुम्ही आता कमिटीवर नाही. रामनाथनना सांगा म्हणाले. मी गाडीतूनच मोबाइलवर त्यांना विचारलं, त्यांनी फोनवरच हात जोडले. मी म्हणाले, "काका, आता पुरे करा. तिची नोकरी वाचली ना?"

"नोकरी वाचली," ते म्हणाले. त्या दोन शब्दांचाही मला वैताग आला.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, कंपनीच्या वार्षिक सभेत. चेन्नईत वार्षिक सभेला भागधारक येतात ते मुख्यतः खाऊच्या पाकिटासाठी. सभागृह गच्च भरलं होतं, पंखे कुरकुरत होते. मी व्यासपीठावर रामनाथनच्या शेजारी इतिवृत्त लिहायला बसले होते. खाली माइकपुढे रांग लागली होती, आणि त्या रांगेत, मैसूरपाकाबद्दल तक्रार करणाऱ्या एका निवृत्त हेडमास्तरांच्या मागे, सेतुमाधवराव उभे होते. त्यांच्या नावावर कंपनीचे थोडे शेअर होते. ते इतर सगळ्यांसारखे रांग धरून आले होते.

रामनाथननी त्यांना पाहिलं आणि पुटपुटले, "अय्यो."

त्यांची पाळी आली. माइक त्यांच्या उंचीला जास्त होता, तो खाली करायला त्यांना जमेना, मागचे लोक चुळबुळायला लागले. स्वयंसेवक म्हणाला, "सार, प्रश्न लवकर."

"प्रश्न नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "गेल्या वर्षी कारखान्यातलं मशीन बंद आहे हे वेळेवर सांगणारी बाई सेल्वी. प्रयोगशाळेत काम करते. तिने दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही. कंपनीच्या कागदात तिचं नाव राहिलं, म्हणून इथे सांगतो."

सभागृहात थोडी कुजबुज झाली, मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि एकट्यानेच वाजवली म्हणून थांबवली. स्वयंसेवकाने माइक पुढच्या माणसाला दिला. रामनाथन माझ्याकडे वाकून म्हणाले, "हे मिनिट्समध्ये वेण्डाम." नको म्हणाले.

मी आधीच लिहीत होते. सेल्वीचं नाव, तिकडच्या रीतीप्रमाणे तिच्या वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरासकट, आणि पुढे तिने काय सांगितलं ते, त्यांनी म्हटलं तस्संच. रामनाथननी एकदा माझ्या हाताकडे बघितलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. लिहून मान वर केली तेव्हा सेतुमाधवराव दाराशी पोचले होते. पाकिटं वाटणारा मुलगा त्यांना खाऊ देत होता आणि ते हात हलवून नको म्हणत होते. मागे रांग तुंबली होती. मग त्यांनी पाकीट घेतलं, उघडून आत डोकावलं, आतल्या कशावर तरी बोट ठेवून त्या मुलाला काय चुकलंय ते सांगितलं आणि उन्हात बाहेर पडले.